शंभराचे माप आणि ‘पर्यंत’ची पळवाट

वाण्याकडून किलोभर तूरडाळ आणली आणि घरी तोलल्यावर ती सातशे ग्रॅम भरली, तर आपल्यापैकी कोणीही पिशवी उचलून तडक दुकान गाठील. वाणी हुज्जत घालू लागला तर नापतौल विभाग आहे, २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा आहे. पेट्रोल पंपावर शंका आली तर पाच लिटरचे प्रमाणित माप मागवून डोळ्यांदेखत मोजून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे. मापात पाप करू नये एवढे तर आपल्याकडे न शिकलेल्या माणसालाही कळते. परंतु दरमहा सात-आठशे रुपये मोजून आपण घरात जी इंटरनेट जोडणी घेतो, तिचे माप कोणी कधी तपासले आहे काय? शंभरचे पैसे घेतले जातात, पण शंभर मिळाले का, हे ग्राहकही विचारत नाही आणि कंपनीही सांगत नाही.

कारण कंपनीने शंभर देण्याचे वचन दिलेलेच नसते. इंदूरच्या कोणत्याही चौकातला फलक नीट वाचावा. ‘१०० एमबीपीएस तक’. शंभरचा आकडा हातभर उंच आणि ‘तक’ बोटभर. आपल्या मराठीत ‘पर्यंत’. या एका शब्दावर सारा व्यवहार उभा आहे. शंभरपर्यंत म्हणजे नव्वद, म्हणजे तीस, म्हणजे रात्री साडेनऊला सहासुद्धा. शंभराच्या वर गेले नाही म्हणजे वचन पाळले गेले! नोकरीच्या जाहिरातीत कोणी ‘पगार पन्नास हजारांपर्यंत’ लिहिले तर आपण मुलाला सांगतो, बाबा रे, आधी नक्की किती ते विचार. इंटरनेटवाल्याला मात्र आपण विचारीत नाही, आणि विचारले तर जोडणी लावायला आलेला मुलगा म्हणतो, ‘आंटी, पूरा हंड्रेड आएगा.’ त्या बिचाऱ्याचा दोष नाही, त्याला तेवढेच शिकवलेले असते.

मंडळाच्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे काही ज्येष्ठ सभासद म्हणतील. आमच्या मते हा विषय आता नळाच्या पाण्याइतकाच घरचा झाला आहे. आपली घरे या शहरात चार-चार, पाच-पाच पिढ्या आहेत, पण घरातली माणसे घरात राहिलेली नाहीत. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, कोणत्याही आळीत पाहा. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळूरला, नातू त्याहून दूर, आणि येथे दोघे वृद्ध. रात्रीच्या जेवणानंतर येणारा फोन हाच त्यांचा नातवाशी संबंध, आणि नेमक्या त्याच वेळी पडद्यावरचा नातू उघड्या तोंडाने गोठून बसतो. ज्या घरांत सून किंवा मुलगा घरी बसून बाहेरगावच्या कंपनीचे काम करतात, तेथे तर हा पोटाचा प्रश्न आहे. बैठकीत तीनदा आवाज तुटला की साहेब लोक म्हणणार, ‘तुमच्या छोट्या शहरात हीच अडचण.’ गावाला बोल लागतो, कंपनीचे कोणी नाव घेत नाही.

थोडा मागचा हिशेब पाहू. आपल्या देशात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमच्या मार्फत, टेलिफोनच्या तारेवरून. ती किरकिर आणि तेवढा वेळ अडलेला फोन पुष्कळांना आठवत असेल. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घ्यायला निदान २५६ किलोबिट वेग हवा असे ठरले. पुढच्याच वर्षी भारत संचार निगमचे ‘डेटावन’ आले आणि तेवढ्यावर आपण खूश होतो. २०१३ मध्ये ती मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेने २ मेगाबिट. म्हणजे असे पाहा, जाहिरात शंभरची, तीनशेची, आणि सरकारी व्याख्येप्रमाणे ब्रॉडबँड ठरायला पुरतात दोन. खाली दोनची जमीन आणि वर शंभरचे छत, मधल्या पोकळीत ग्राहक लोंबकळतो आहे. ही पोकळी भरून काढणे हे नियम करणाऱ्यांचे काम आहे, आणि म्हणून हा विषय राजकारणाचाही आहे.

आता वेग रात्रीच का पडतो ते पाहू. गणपतीतल्या महाप्रसादाचा हिशेब आपल्या मंडळींना चांगला ठाऊक आहे. पासेस पाचशे वाटले तरी पंगत पाचशेंची मांडीत नाहीत. कोणी सहाला येतो, कोणी नऊला, कोणी येतच नाही. पण आरती उशिरा संपली आणि सगळे एकदम पाटावर बसले की वाढप्यांची तारांबळ उडते. इंटरनेटचे तसेच आहे. आज बहुतेक घरांत जी काचतंतूची जोडणी येते ती स्वतंत्र नसते. जीपॉन नावाच्या प्रचलित पद्धतीत एका तंतूवरून सुमारे २.५ गीगाबिट वेग येतो आणि तो बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटला जातो. भागाकार करून पाहा. बत्तीस घरे एकदम बसली तर प्रत्येकाला अठ्ठ्याहत्तरच्या आसपास, चौसष्ट बसली तर एकोणचाळीसच्या आत. ही झाली गल्लीतली वाटणी. तिच्या पुढे कंपनीने शहराबाहेर नेण्यासाठी घेतलेली क्षमता आणखी कितीतरी घरांत वाटलेली असते. २००९ मध्ये ट्रायने घरगुती ब्रॉडबँडसाठी ही वाटणी फार तर एकास पन्नास असावी असे सांगितले होते.

वाटणी हे पाप नव्हे, हे आम्ही स्पष्ट सांगतो. चोवीस तास प्रत्येकाला अख्खा शंभरचा नळ राखून ठेवायचा म्हटले तर महिन्याचे बिल आपल्याला झेपणार नाही. आक्षेप लपवाछपवीला आहे. किती घरांत वाटता आणि रात्री आठ ते अकरा या वेळात सरासरी किती देता, हे फलकावर का नाही? कंपनीला हा आकडा ठाऊक नाही यावर आमचा विश्वास नाही. दर मिनिटाची नोंद त्यांच्या यंत्रांत असते.

तेव्हा ग्राहकानेच मोजावे, तर तेथेही खुबी आहे. वेग मोजणारी जी साधने आपण मोबाइलवर उघडतो, ती आपोआप जवळचा सर्व्हर निवडतात, आणि तो पुष्कळदा कंपनीच्याच जाळ्यात बसवलेला असतो. म्हणजे गावच्या वेशीपर्यंतचा रस्ता उत्तम आहे एवढे सिद्ध होते, पुढच्या खड्ड्यांचे काय ते कळत नाही. विशेष म्हणजे ट्रायच्या २००६ च्या गुणवत्ता नियमावलीतही हीच वेस मानली होती. ग्राहकाने घेतलेल्या वेगाच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक वेग मिळाला पाहिजे, असे त्यात होते. वाचायला किती छान! पण तो मोजायचा कुठे, तर कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंत. ग्राहकाला तर केंद्राच्या पलीकडे, सगळ्या जगाशी काम असते. त्या नियमावलीची जागा १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या नियमावलीने घेतली. पण चौकातल्या फलकावरचा ‘तक’ आहे तिथेच आहे.

दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हे लिखाण न्यायाचे होणार नाही. पुष्कळ घरांत वेग बाहेर नव्हे, घरातच मरतो. आपली जुनी घरे आठवा. दीड-दोन हातांच्या भिंती, दगडचुन्याचे काम, मध्ये चौक, मागे स्वयंपाकघर. लावणारा मुलगा राउटर सोयीच्या जागी, म्हणजे बाहेरच्या खोलीत दाराच्या वर, कधी कधी लोखंडी कपाटाच्या मागे, ठोकून जातो. आजोबांची खोली तिसऱ्या भिंतीपलीकडे. वायफायच्या दोन लहरी असतात. ५ गीगाहर्ट्‌झची वेगवान, पण भिंतीला लवकर हार मानते. २.४ ची भिंत ओलांडते, पण तिच्यात एकमेकांना न अडवणाऱ्या वाटा मोजून तीन, आणि दाट वस्तीत शेजारपाजारच्या वीस घरांचे राउटर त्याच तीन वाटांवर दाटी करतात. अशा जागी शंभरच्या जोडणीवर मोबाइलमध्ये तीस-चाळीस दिसले, तर त्यात कंपनीचा गुन्हा असेलच असे नाही. राउटर घराच्या मध्यावर आणि जरा उंच ठेवावा, ज्या खोलीत काम चालते तिथपर्यंत तार ओढून घ्यावी. आमच्या वाचनालयात एवढेच केल्यावर दिवसाचा वेग सुधारला. रात्रीचा मात्र तसाच राहिला, आणि तेथे कंपनीचा हिशेब सुरू होतो.

राउटरचेही पाहून घ्यावे. काही जोडण्यांत दिलेल्या यंत्राचे तारेचे तोंडच शंभर मेगाबिटचे असते. अशा यंत्रावर दोनशेची किंवा तीनशेची योजना घेतली तरी तारेवर पंचाण्णवच्या वर काटा जाणार नाही. तारेतल्या आठपैकी चारच धागे धड असले तरी हीच गत. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्याने २०१७ मध्ये चार्टर या मोठ्या कंपनीवर जो दावा लावला, त्यात हाही एक आरोप होता की, कबूल केलेला वेग पेलू न शकणारी जुनी यंत्रे ग्राहकांना भाड्याने दिली. २०१८ च्या डिसेंबरात कंपनीने १७ कोटी ४२ लाख डॉलरची तडजोड केली. त्यातले ६ कोटी २५ लाख डॉलर सुमारे सात लाख ग्राहकांना रोख परत मिळाले. आपल्याकडे असा परतावा मिळेल तेव्हा मिळो, निदान यंत्राच्या पाठीवर काय लिहिले आहे ते तरी वाचून घेऊ.

हिशेबाच्या नाण्यांचीही एक गंमत आहे. वेग सांगतात मेगाबिटमध्ये आणि मर्यादा सांगतात गीगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून शंभर मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. एक गीगाबाइटचा चित्रपट उतरवायला, सारे सुरळीत असले तरी, ऐंशी सेकंद लागणारच. ही दूरसंचारातली जुनी रीत आहे, फसवणूक म्हणता येणार नाही. पण आकडा मोठा दिसतो हे मात्र खरे. आणि ‘अमर्याद’ म्हणून विकलेल्या अनेक योजनांत महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा बारीक अक्षरात असते. साधे घर तिथवर पोचत नाही, तरी गणित करून पाहावे. शंभरचा वेग खरोखर अखंड मिळाला तर ही ‘अमर्याद’ पिशवी तीन दिवसांत रिकामी होते. मर्यादा संपल्यावरही वेग ५१२ किलोबिटच्या खाली नेऊ नये आणि या अटी ग्राहकाला स्पष्ट सांगाव्यात, असा निर्देश ट्रायने ३१ ऑक्टोबर २०१६ ला दिला होता. शंभरवरून अर्ध्यावर उतरायला परवानगी, आणि तीही नियमाने! २०२३ पासून ‘एअर फायबर’ नावाची सेवा आली आहे. तिच्यात घरापर्यंत फायबर नसतेच, शेवटचा टप्पा मोबाइलच्या ५जी लहरींचा असतो. नावात मात्र फायबर.

वेग कमी पडतो अशी तक्रार केली की कंपनीकडून हमखास सल्ला येतो: मोठी योजना घ्या. हा सल्ला आमच्या मते सर्वांत खर्चिक आहे. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओला पाच मेगाबिट पुरतात, मोठ्या पडद्यावरच्या अतिस्पष्ट चित्राला पंधरा ते पंचवीस, व्हिडिओ कॉलला दोन ते चार. चार माणसांच्या घराला खरे चाळीस मिळाले तर तक्रारीला जागा राहू नये. पण कागदावरचे शंभर रात्री दहा होत असतील, तर दोनशे घेतल्याने पंगतीतले ताट मोठे होईल, वाढायचे पातेले तेवढेच राहील. सातशेच्या योजनेवर अठरा टक्के कर धरून महिन्याला ८२६ रुपये, वर्षाला ९,९१२. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला ही लहान रक्कम नाही. आणखी एक गोष्ट, कॉलमध्ये आपले चित्र पलीकडे जाते ते अपलोडच्या वेगाने. तो आकडा जाहिरातीत बहुधा नसतोच. नातवाला आजी का दिसत नाही याचे उत्तर पुष्कळदा तेथे असते.

हे बदलता येत नाही असे नाही. ब्रिटनमध्येही पूर्वी ‘पर्यंत’चाच कारभार होता. तेथील जाहिरात नियमांप्रमाणे २०१२ पासून, निदान दहा टक्के ग्राहकांना मिळणारा वेग ‘पर्यंत’ म्हणून छापायला मोकळीक होती. नव्वद लोकांना मिळाला नाही तरी चालेल! लोकांनी ओरड केली आणि २३ मे २०१८ पासून नियम बदलला. आता घरगुती ग्राहकांपैकी निदान निम्म्यांना रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळी मिळणारा वेगच छापायचा, आणि त्याला ‘सरासरी’ म्हणायचे. अमेरिकेत १० एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना वेग, दर आणि मर्यादा यांचे एकसारखे पत्रक योजनेसोबत दाखवावे लागले, बिस्किटाच्या पुड्यावर घटक छापतात तसे. आपण मागतो आहोत ते यापेक्षा वेगळे नाही.

आपल्याकडे कायदा अगदीच निजलेला आहे असेही नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची व्याख्या आहे आणि त्यांच्यावर कारवाईसाठी २०२० पासून केंद्रीय प्राधिकरण आहे. जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तर असे आहे की, जाहिरातीतला दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत हवा. भाषेच्या प्रश्नावर आपले कान लगेच टवकारतात म्हणून हे मुद्दाम सांगतो. दावा मोठ्या हिंदीत आणि अटी मुंगीएवढ्या इंग्रजीत, असा फलक दिसला तर त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, असा एक गैरसमज कंपन्यांच्या वकिलांनी बरीच वर्षे जपला होता. १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकालात काढला. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या त्या निकालाने ग्राहक आयोगाची वाट मोकळी असल्याचे स्पष्ट केले, आणि ते प्रकरण सुरू झाले होते अहमदाबादच्या जिल्हा मंचात, म्हणजे आपल्या शेजारीच. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला आयोगात शुल्क नाही.

तेथवर जायची पाळी येण्यापूर्वी पायऱ्या चढाव्या लागतात. आधी कंपनीकडे तक्रार, आणि तिचा क्रमांक लिहून घेणे. तोंडी बोलणे धरले जात नाही. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवीत नाही, पण नियमांचे मसुदे लोकांपुढे ठेवून सूचना मागवते. गर्दीच्या वेळची सरासरी छापा, वाटणीचे प्रमाण सांगा, अपलोडचा आकडा द्या, आणि महिनाभर वेग कमी मिळाला तर बिलात तेवढी वजावट द्या, या मागण्या मंडळाने ट्रायकडे लेखी पाठवाव्यात असे आमचे मत आहे. जोडणी बंद पडून तीन दिवसांत दुरुस्त झाली नाही तर भाड्यात सूट द्यावी लागते. मग महिनाभर अर्धवट चालली तर काहीच का नको? खासदारांनाही हे विचारले पाहिजे. मते मागायला ते आपल्या दारी येतातच.

परंतु कागद हाती नसेल तर आपले म्हणणे कोणी ऐकणार नाही. म्हणून सभासदांना विनंती आहे की सात दिवस घरचा वेग मोजावा. संगणक किंवा लॅपटॉप तारेने राउटरला जोडून, बाकीचे मोबाइल आणि टीव्ही तेवढ्यापुरते बंद ठेवून, सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री नऊ या वेळी. प्रत्येक वेळी दोनदा, एकदा आपोआप निवडलेल्या सर्व्हरवर आणि एकदा मुंबई किंवा दिल्लीचा, दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर निवडून. डाउनलोड आणि अपलोड दोन्ही लिहावे. ज्यांच्याकडे तार जोडायची सोय नाही त्यांनी ट्रायचे ‘मायस्पीड’ वापरून राउटरच्या शेजारी उभे राहून मोजावे आणि तसे नमूद करावे. ज्येष्ठांच्या घरी मोजायला आमच्या युवा शाखेतली मुले येतील, त्यांना बिलाची प्रत आणि राउटरच्या पाठीवरचा क्रमांक पाहू द्यावा. पासवर्ड मात्र त्यांनाही सांगू नये, आपणच घालून द्यावा. नोंदीचे छापील कागद पुस्तक बदलण्याच्या खिडकीवर ठेवले आहेत. त्यावर नावाऐवजी फक्त वस्ती, कंपनी आणि योजना लिहायची आहे. भरलेले कागद महिनाअखेरपर्यंत यावेत, म्हणजे पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे आळीवार तक्ता ठेवता येईल.